कंटेनरमधून कारखान्याच्या काट्यापर्यंत रस्ता सापडेना: नो राऊट टू होस्ट, मधूनच ५०४ आणि अडकणारी चलानं

उद्यमनगरी | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या फाउंड्रीवाल्यांना, मशीनशॉपवाल्यांना आम्ही गेटपास, डिस्पॅच, चलान यांची सॉफ्टवेअरं करून देतो. ती चालवायची जबाबदारीही आमचीच. २०१९ च्या महापुरात पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फूट गाठले, त्यानंतर सर्व्हर कोल्हापुरात ठेवायचा नाही असं ठरलं. मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये एक मशीन भाड्यानं घेतलंय. त्यावर उबुंटू, डॉकर (प्रत्येक अ‍ॅप आपापल्या बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवणारा), प्रत्येक गिऱ्हाइकाचा वेगळा कंपोझ प्रोजेक्ट, म्हणजे त्याच्या कंटेनरांचा संच, आणि सगळ्यांच्या पुढं ट्रेफिक हा रिव्हर्स प्रॉक्सी, बाहेरून आलेली विनंती योग्य कंटेनरकडं धाडणारा. उद्यमनगरातल्या आमच्या ऑफिसातून त्या मशीनपर्यंत वायरगार्डचा टनेल (इंटरनेटवरून जाणारी खाजगी, कुलूपबंद वाट) आहे, त्याचं नाव डब्ल्यूजी०.

आता शिरोलीतल्या एका कारखान्यानं त्यांच्या वजनकाट्याचा पीसी आमच्या सिस्टीमला जोडायला सांगितलंय. ट्रक काट्यावर चढला की वजन थेट गेटपासवर यावं, एवढंच काम. त्यांच्या आयटीवाल्यांनी त्यासाठी दुसरा टनेल दिला, तो डब्ल्यूजी१. काट्याचा पीसी आहे १७२.२०.१०.२५ वर. टनेल उभा आहे, हँडशेक दिसतो, तरी गेटपासच्या कंटेनरमधून काट्याला कनेक्ट करायला गेलं की "नो राऊट टू होस्ट". होस्टवरूनही तेच.

त्याच दरम्यान गेटपासची नवी आवृत्ती चढवली. आता ती साइट कधी चालते, कधी ५०४ गेटवे टाइमआउट देते. रीस्टार्ट केलं की कधी सुटते, कधी नाही.

आणि ऑफिसातून चलानाची मोठी पीडीएफ उघडली की गोल फिरत राहतं. लॉगिनचं पान, छोट्या याद्या झटकन येतात. घरून मोबाइल डेटावर, टनेलशिवाय, तीच पीडीएफ लगेच उघडते.

कारखान्यात रात्रपाळीलाही गाड्या भरतात. काट्यावरचा माणूस सध्या वजन वहीत लिहून फोनवर सांगतोय, आणि गाडी तोवर गेटवर उभी. कुठून सुरुवात करू?

तांबडा_पांढरा | सोमवार, रात्री १०:५५

सरळ डॉकर रीस्टार्ट करा. नाही जमलं तर नेटवर्क प्रून मारा आणि सगळं परत उठवा. आमच्याकडं निम्मे प्रॉब्लेम असेच जातात.

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:१५

उद्यमनगरी, एवढ्यात काही रीस्टार्ट करू नका. रीस्टार्टनं दुखणं जाईलही, पण का गेलं ते कळणार नाही आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या वेळी ते परत येईल. तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी मला तीन वेगळे आजार दिसतायत. एकत्र धरू नका.

आधी एरर काय बोलते ते नीट ऐकू या. कनेक्शन रिफ्यूज्ड, म्हणजे लिनक्सचा १११ नंबर, याचा अर्थ पॅकेट त्या पत्त्यावर पोचलं आणि तिथून "इथं कुणी ऐकत नाही" असं उत्तर आलं. रस्ता चांगला आहे, पोर्ट बंद आहे, किंवा अ‍ॅप फक्त १२७.०.०.१ वर ऐकतंय. टाइम्ड आउट, ११०, म्हणजे पॅकेट वाटेत कुणीतरी गिळलं आणि निरोपही दिला नाही. बहुतेक वेळा फायरवॉलचा ड्रॉप. नेटवर्क अनरीचेबल, १०१, म्हणजे राऊटच नाही. आणि तुमचा नो राऊट टू होस्ट, ११३: यात बऱ्याचदा राऊट असतो, पण तो जिथं नेतो तिथं शेवटच्या टप्प्याला तो पत्ता कुणाचाच नसतो. एआरपीनं (हा पत्ता कुणाचा, असं त्याच नेटवर्कावर विचारायची रीत) हाक मारली, कुणी ओ दिली नाही, मग कर्नल हात वर करतो.

तेव्हा होस्टवर एवढंच चालवा आणि जे येईल ते जसंच्या तसं इथं टाका: आयपी राऊट गेट १७२.२०.१०.२५. मग त्याच पत्त्याला साधा पिंग. आणि पूर्ण आयपी राऊट.

उद्यमनगरी | सोमवार, रात्री ११:३५

राऊट गेटला आलं: १७२.२०.१०.२५, डेव्ह बीआर-३एफ९सी, सोर्स १७२.२०.०.१. (ब्रिजचं नाव लांब आहे, छोटं करून लिहिलंय.)

पिंगला: फ्रॉम १७२.२०.०.१, डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल.

राऊट टेबलमधल्या कामाच्या ओळी:
१७२.१६.०.०/१२ डेव्ह डब्ल्यूजी१
१७२.१७.०.०/१६ डेव्ह डॉकर०
१७२.१८.०.०/१६ डेव्ह बीआर-७अ१... (गेटपास)
१७२.१९.०.०/१६ डेव्ह बीआर-सी०४... (प्रॉक्सी)
१७२.२०.०.०/१६ डेव्ह बीआर-३एफ९सी, लिंकडाउन

पॅकेट डब्ल्यूजी१ कडं जायला हवं ना? ते ब्रिजकडं का जातंय?

रात्रपाळी | मंगळवार, रात्री १२:१०

मिळालं. पिंगच्या उत्तरातला "फ्रॉम" बघा. "पोचत नाही" हा निरोप कारखान्यानं दिलेला नाही. १७२.२०.०.१ हा तुमच्याच मशीनवरच्या डॉकर ब्रिजचा, म्हणजे कंटेनर जोडणाऱ्या आभासी स्विचचा, पत्ता आहे. पॅकेट मुंबईच्या मशीनमधून बाहेर पडलंच नाही, शिरोली तर लांबच.

कारण असं. कुठलं नेटवर्क कुणाचं, हे कर्नल जास्तीत जास्त नेमक्या राऊटवरून ठरवतो. पाकिटावर "राजारामपुरी" असेल आणि पोस्टमनकडं एक थैली "राजारामपुरी" आणि दुसरी "राजारामपुरी आठवी गल्ली" अशी असेल, तर आठव्या गल्लीचं पाकीट दुसऱ्या थैलीतच पडणार. तुमच्या टेबलात १७२.१६.०.०/१२ म्हणजे १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचा सगळा पट्टा, तो टनेलकडं. पण १७२.२०.०.०/१६ त्याहून नेमका आहे (तिरक्या रेघेपुढचा आकडा जितका मोठा, तितका पट्टा लहान), म्हणून तोच जिंकतो. मेट्रिक (राऊटचा पसंतीक्रम), टनेल आधी उभा राहिला की नंतर, याचा इथं काही संबंध नाही.

ब्रिजवर लिंकडाउन लिहिलंय, म्हणजे त्या नेटवर्कवर आत्ता एकही कंटेनर चालू नाही. तरी राऊट जिवंत आहे. लिनक्स मूळ सेटिंगमध्ये लिंकडाउन राऊट वगळत नाही. कंपोझ स्टॉप केलेला एखादा जुना प्रोजेक्ट आहे का? स्टॉपनं कंटेनर थांबतात, नेटवर्क तसंच राहतं. नेटवर्क जातं ते कंपोझ डाउन केल्यावर.

यात तुमचं किंवा कारखान्याच्या आयटीवाल्यांचं काही वावगं झालेलं नाही. १९९६ च्या आरएफसी १९१८ नं (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) खाजगी वापराला तीनच पट्टे दिलेत: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. डॉकर मधल्या पट्ट्यातून १७२.१७ पासून १७२.३१ पर्यंत एकेक अख्खा /१६ वाटत जातो, ते संपले की १९२.१६८ मधून /२० चे तुकडे. एकेका /१६ मध्ये ६५,५३६ पत्ते. तुमच्या प्रोजेक्टमध्ये कंटेनर पाचच का असेनात, मिळतो अख्खा /१६. कारखान्यातही लॅन आखताना कुणीतरी १७२ चाच पट्टा उचलला. दोघं स्वतंत्र होते तोवर कुणाला कळायचं कारणच नव्हतं. टनेलनं दोन्ही घरं जोडली आणि टक्कर दिसली.

उद्यमनगरी | मंगळवार, सकाळी ९:०५

होय, हुपरीच्या एका चांदीवाल्यांसाठी डेमो उभा केला होता, तो थांबवून ठेवलाय. त्याचंच नेटवर्क आहे ते.

आठवी_गल्ली | मंगळवार, सकाळी ९:२०

मग सोपंय की. डब्ल्यूजी१ च्या अलाउड-आयपीजमध्ये (टनेलकडं कुठले पत्ते पाठवायचे ती यादी) /१२ कशाला? काट्याचा पीसी एका सबनेटात आहे, १७२.२०.१०.०/२४ एवढंच लिहा. /२४ हा /१६ पेक्षा नेमका, टनेल जिंकेल. एका ओळीचं काम.

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ९:४५

+१, हे करायलाच हवं, आणि सुरक्षेसाठीही बरं. एका काट्यासाठी दहा लाखांवर पत्त्यांचा पट्टा टनेलकडं वळवून ठेवायची गरज नाही. गेटपासचा कंटेनर १७२.१८ वर आहे, त्याला एवढ्यानं रस्ता मिळेल.

पण हे अर्धं औषध आहे. उद्या हुपरीचा डेमो परत चालू केला आणि त्यालाही काट्याशी बोलायचं असेल, तर तो कंटेनर स्वतः १७२.२०.०.०/१६ मध्ये बसलेला असेल. त्याच्या आतलं राऊट टेबल म्हणेल, १७२.२०.१०.२५ तर माझ्याच गल्लीत आहे. तो होस्टला विचारणारच नाही, थेट ब्रिजवर एआरपीची हाक मारेल. होस्टवर कितीही नेमका राऊट लिहा, पॅकेट तिथवर येतच नाही. अशी केस हाताशी लागली की लोक तासन्‌तास होस्टचं टेबल बघत बसतात, कारण होस्टवरून पिंग जातो आणि कंटेनरमधून नाही. म्हणून राऊट गेट नेहमी दोन्ही ठिकाणी चालवा. कंटेनरच्या इमेजमध्ये आयपी कमांड नसेल तर होस्टवरून एनएसएंटर वापरून त्या कंटेनरच्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये शिरा, कमांड होस्टची, टेबल कंटेनरचं.

आज एवढं करा: हुपरीचा डेमो कंपोझ डाउन करा, डेटाबेसचा व्हॉल्यूम राहतो, फक्त डाउनला व्ही जोडू नका. मग अलाउड-आयपीज /२४ करा. काटा लागतो का बघा. पत्त्यांची कायमची आखणी रात्री करू.

उद्यमनगरी | मंगळवार, दुपारी १:३०

लागला! राऊट गेट आता डब्ल्यूजी१ दाखवतो. काट्यावर एक ट्रक चढवून बघितला, वजन गेटपासवर उमटलं. काट्यावरच्या मामांचा स्वतःहून फोन आला. वही मिटली म्हणाले.

एक शंका. कंटेनरचा पत्ता १७२.१८ मधला आहे. कारखान्याच्या बाजूला तर आमचा फक्त टनेलचा पत्ता माहीत आहे. मग त्यांचं उत्तर परत कसं येतं?

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी २:००

चांगला प्रश्न. जाताना डॉकर मास्करेड करतो. कंटेनरच्या सबनेटमधून निघालेलं आणि स्वतःच्या ब्रिजशिवाय दुसऱ्या कुठल्याही वाटेनं बाहेर जाणारं पॅकेट असलं, की सोर्स पत्ता त्या वाटेच्या इंटरफेसचा होतो, इथं डब्ल्यूजी१ चा. परतीचा हिशेब कॉनट्रॅक, म्हणजे कर्नलची चालू कनेक्शनांची नोंदवही, ठेवतो. म्हणून कारखान्याला तुमच्या आतल्या पत्त्यांचं काही कळायची गरज नाही. टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन) आधी ब्रिजवर आणि मग डब्ल्यूजी१ वर लावून बघा, तेच पॅकेट दोन वेगळ्या सोर्स पत्त्यांनी दिसेल. एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढं कधी गोंधळ होत नाही.

कळंबा_रोड | मंगळवार, दुपारी ३:१०

धागा वाचतोय, फार कामाचा आहे. आमच्याकडं डॉकर नाही, दोन नोडचं, म्हणजे दोन मशीनचं, के३एस (छोटं कुबरनेटिस) क्लस्टर आहे, त्यात कंटेनर पॉड नावाच्या गटांत चालतात. एकाच नोडवरचे पॉड एकमेकांशी बोलतात, दुसऱ्या नोडवरच्याशी नाही. टाइमआउट होतो. हाही राऊटचाच प्रकार का?

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी ३:४०

बहुधा नाही. के३एस मध्ये मूळचा फ्लॅनेल हा नेटवर्क जोडणारा भाग आहे, तो दोन नोडमधली पॅकेटं व्हीएक्सलॅनमध्ये गुंडाळून यूडीपी ८४७२ वरून पाठवतो. नोडच्या फायरवॉलमध्ये हा पोर्ट एकमेकांसाठी उघडा आहे का बघा. फक्त एकमेकांसाठी, जगासाठी नको, कारण त्या पोर्टवर ओळख तपासणी नसते. बरेच जण इथं ४७८९ उघडतात, कारण व्हीएक्सलॅनच्या २०१४ च्या आरएफसीत तो नंबर आहे आणि डॉकर स्वॉर्म तोच वापरतो. पण लिनक्सवरचा फ्लॅनेल ८४७२ वर बोलतो. टाइमआउट आहे, रिफ्यूज्ड नाही, म्हणजे कुणीतरी गिळतंय. आधी फायरवॉल.

कळंबा_रोड | मंगळवार, सायंकाळी ५:२०

८४७२ च होता. ४७८९ उघडून ठेवलेला होता आधीच्या कुणीतरी. मनापासून आभार.

शाहूपुरी_सहावी | मंगळवार, सायंकाळी ७:००

उद्यमनगरी, तुमच्या ५०४ बद्दल. गेटपासचं अ‍ॅप किती नेटवर्कांवर आहे? एक डेटाबेसबरोबरचं आणि एक ट्रेफिकबरोबरचं, असं असेल तर मला कारण माहीत आहे.

५०२ असता तर मी म्हटलं असतं, प्रॉक्सी अ‍ॅपपर्यंत पोचला आणि दारातून परत आला. ५०४ म्हणजे प्रॉक्सी उत्तराची वाट बघत बसला. अ‍ॅपला दोन नेटवर्क म्हणजे दोन पत्ते. कुठल्या नेटवर्कमधला पत्ता वापरायचा हे तुम्ही ट्रेफिकला सांगितलं नाही, तर त्याला जो पहिला दिसेल तो तो घेतो. डेटाबेसच्या नेटवर्कमधला पत्ता उचलला, तर ट्रेफिक त्या नेटवर्कात नाहीच. आणि डॉकर एका ब्रिजवरची पॅकेटं दुसऱ्या ब्रिजवर जाऊ देत नाही, आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलमध्ये, त्याच्या आयसोलेशनच्या साखळ्या असतात, तिथं पॅकेट चुपचाप टाकून देतात. म्हणून रिफ्यूज्ड येत नाही, नुसती वाट. कंटेनर नव्यानं बनला की क्रम बदलू शकतो. तुमचं "कधी चालतं, कधी नाही" ते हेच असणार.

औषध: अ‍ॅपच्या लेबलांत ट्रेफिक.डॉकर.नेटवर्क या नावाचं लेबल लावा आणि त्यात प्रॉक्सीवालं नेटवर्क लिहा. इथं एक खाच आहे. कंपोझ फाइलमध्ये तुम्ही नुसतं "प्रॉक्सी" लिहिलं असलं, तरी कंपोझ त्याच्यापुढं प्रोजेक्टचं नाव जोडतो, म्हणजे खरं नाव "गेटपास_प्रॉक्सी" असं काहीतरी होतं. लेबलमध्ये खरं नाव लागतं. डॉकर नेटवर्क एलएस मध्ये दिसतं ते. नेटवर्क एक्स्टर्नल म्हणून जाहीर केलं असेल तर मात्र नाव आहे तसंच राहतं.

उद्यमनगरी | मंगळवार, रात्री ८:१५

दोनच नेटवर्क आहेत, नव्या आवृत्तीत डेटाबेसचं वेगळं केलंय. ट्रेफिकच्या डॅशबोर्डवर सर्व्हिस उघडून बघितली, तिथं अ‍ॅपचा पत्ता १७२.१८ मधला दिसतोय. प्रॉक्सीचं नेटवर्क १७२.१९ आहे. तुम्ही म्हणालात तेच. लेबल लावलं, पत्ता १७२.१९ झाला. अ‍ॅप पुन्हापुन्हा नव्यानं बनवून बघितलं, ५०४ नाही.

तांबडा_पांढरा | मंगळवार, रात्री ८:३०

म्हणजे रीस्टार्टनं "सुटायचं" ते क्रम सुदैवानं बरोबर लागायचा म्हणून. आमच्याकडं हे असंच चालू असणार. उद्या सगळ्या प्रोजेक्टांना लेबल लावतो.

रात्रपाळी | मंगळवार, रात्री १०:००

शाहूपुरी, फार स्वच्छ सांगितलंत.

आता पत्त्यांची आखणी. डॉकरच्या डेमन.जेसन फाइलमध्ये डिफॉल्ट-अ‍ॅड्रेस-पूल्स अशी एक सोय आहे. बेस द्या १०.२०१.०.०/१६ आणि साइज २४. मग प्रत्येक नव्या प्रोजेक्टला /२४ मिळेल, वापरायला २५४ पत्ते. मूळच्या पट्ट्यात सगळी मिळून ३१ नेटवर्कं बसतात, मग "पूल संपले" अशी एरर येते. या आखणीत २५६ बसतात. १०.२०१ मध्ये काही जादू नाही. तुमच्या कुठल्याही गिऱ्हाइकाकडं नसलेला तुकडा हवा, एवढंच. १०.० आणि १०.१ टाळा, ते सगळ्यांनाच सुचतात. १०.४२ आणि १०.४३ ही टाळा, के३एस मूळ सेटिंगमध्ये पॉड आणि सर्व्हिससाठी तेच घेतो, उद्या तिकडं गेलात तर पुन्हा हेच दुखणं. १००.६४.०.०/१० हा पट्टा मोकळा दिसतो म्हणून घेऊ नका, तो २०१२ पासून इंटरनेट कंपन्यांच्या सामायिक नॅटसाठी राखलेला आहे.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, हे सेटिंग फक्त नव्यानं बनणाऱ्या नेटवर्कांना लागू होतं. जुने प्रोजेक्ट डाउन करून परत अप केल्याशिवाय जुन्याच पत्त्यांवर राहतील, आणि एक्स्टर्नल नेटवर्क डाउननं जात नाही, ते हातानं काढून बनवावं लागेल. दोन, डेमन रीस्टार्ट होताना कंटेनर खाली येतील, तेव्हा कारखान्यांच्या पाळ्या बघून वेळ ठरवा.

कुणी म्हणेल, डॉकर तर नवं नेटवर्क देताना होस्टवरचे राऊट बघतो, टनेलची रेंज तो टाळेलच. टाळतो, पण टनेल त्या क्षणी उभा असेल तरच. टनेल बंद असताना कुणी नवा प्रोजेक्ट उठवला की ती रेंज त्याला मोकळीच दिसते.

उद्यमनगरी | बुधवार, सकाळी १०:३०

रविवारी पहाटे करू, तेव्हा तिन्ही कारखाने बंद असतात.

आता राहिली पीडीएफ. ती अजून अडकतेय.

रात्रपाळी | बुधवार, दुपारी १२:४५

छोटं जातं, मोठं अडकतं, आणि टनेलबाहेरून सगळं ठीक. हे वाचलं की पहिला संशय पॅकेटच्या आकारावर, म्हणजे एमटीयूवर.

वायरगार्ड आपल्या इंटरफेसला मूळचा १४२० एमटीयू देतो. बाहेरची वाट १५०० बाइटची असेल असं धरून त्यानं ८० बाइट स्वतःच्या वेष्टनासाठी राखलेले असतात. आयपीव्ही४ वरून जाताना वेष्टन ६० चं होतं, म्हणजे १४२० चं पॅकेट बाहेर १४८० चं. आता तुमच्या ऑफिसच्या लाइनवर १४८० जात नसेल, तर त्याचे तुकडे पडतात, आणि वाटेतली काही उपकरणं तुकडे पुढं जाऊ देत नाहीत. लॉगिनचं पान दोनचारशे बाइटच्या पॅकेटांत बसतं, ते जातं. पीडीएफ भरगच्च पॅकेटांत येते, ती मरते. कनेक्शन तुटत नाही, एररही येत नाही, कारण दोन्ही टोकांना वाटतं समोरचा हळू आहे.

ऑफिसातल्या लिनक्स मशीनवरून मुंबईच्या टनेल पत्त्याला पिंग लावा, एम डू म्हणजे तुकडे न पाडता, आणि एस १३९२. पिंगच्या आकारात २८ बाइट हेडरचे मिळवायचे, म्हणजे हे १४२० चं पॅकेट. मग आकार कमी करत या, कुठं उत्तर येतं ते सांगा. त्याच वेळी मुंबईत डब्ल्यूजी० वर टीसीपीडंप लावून पीडीएफ उघडा.

उद्यमनगरी | बुधवार, दुपारी ४:१०

१३९२ ला काहीच उत्तर नाही. एररही नाही, नुसती शांतता. १३७२ ला पण नाही. १३३२ ला लगेच उत्तर.

टीसीपीडंपमध्ये सर्व्हरकडून १३८० लांबीचा एकच तुकडा परत परत जाताना दिसतो, आधी पटापट, मग दोन ओळींमधलं अंतर दुप्पट दुप्पट होत जातं. ऑफिसकडून त्याची पोच येतच नाही. मध्येच एक छोटं पॅकेट जातं त्याची पोच मात्र लगेच.

रात्रपाळी | बुधवार, दुपारी ४:४०

हेच ते. १३८० म्हणजे १४२० वजा आयपी आणि टीसीपीची ४० बाइट हेडरं. सर्व्हर टनेलचा एमटीयू पाळतोय, पण टनेलखालची वाट तेवढी रुंद नाही. १३३२ आणि २८ मिळून १३६० जातं. तेव्हा डब्ल्यूजी० चा एमटीयू दोन्ही टोकांना १३६० करा. फक्त मुंबईच्या टोकाला केलात तर चलान उघडेल पण अपलोड अडकेल.

शिवाय मुंबईच्या मशीनवर आयपीटेबल्सच्या मँगल टेबलात, फॉरवर्ड साखळीत, टीसीपीच्या सिन (कनेक्शन सुरू करणाऱ्या) पॅकेटांवर एमएसएस, म्हणजे एका पॅकेटात मावणाऱ्या मजकुराचा कमाल आकार, क्लँप करणारा (आवळणारा) नियम लावा, क्लँप-एमएसएस-टू-पीएमटीयू. कंटेनरच्या ब्रिजचा एमटीयू १५०० च असतो, त्यामुळं अ‍ॅप हँडशेकमध्ये १४६० ची बोली लावतं. नियम ती बोली वाटेतच १३२० वर आणतो आणि मोठं पॅकेट जन्मालाच येत नाही.

आणि फायरवॉलमध्ये सगळा आयसीएमपी बंद केलेला असेल तर टाइप ३ कोड ४ तरी उघडा. "पॅकेट मोठं आहे, तुकडे पाडायला हवेत" हा निरोप त्यातून येतो. तो दाबला की सर्व्हरला आकार कमी करायचं कळतच नाही. सुरक्षेच्या नावाखाली सरसकट आयसीएमपी बंद करायचा सल्ला अजून फिरतो. माझं स्पष्ट मत आहे की त्यानं भल्यापेक्षा बुरंच जास्त होतं.

उद्यमनगरी | बुधवार, रात्री ९:००

दोन्ही टोकांना १३६०, क्लँपचा नियमही लावला. महिन्याभराच्या चलानांची सगळ्यात जड पीडीएफ दोन सेकंदांत उघडली. सिन पॅकेटमध्ये एमएसएस १३२० दिसतोय. अपलोडही चालतंय.

रात्रपाळी, शाहूपुरी, आठवी गल्ली, तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. ऑफिसातली दोन्ही पोरं हा धागा उघडून बसलीत, एकेक कमांड स्वतः चालवून बघतायत.

बिंदू_चौक | गुरुवार, सकाळी ८:५०

वाखू (वाचनखूण) साठवली. माझा एक प्रश्न जोडतो. एनजिनएक्स पुढं आहे, मागं कंटेनर. अ‍ॅपचा कंटेनर नव्यानं बनवला की एनजिनएक्स ५०२ देतो, एनजिनएक्स रीलोड केला की ठीक. यातही आपलं काही राऊटिंग चुकतंय का?

शाहूपुरी_सहावी | गुरुवार, सकाळी ९:३०

राऊटिंग नाही, नाव आणि पत्त्याचा मेळ. प्रॉक्सी-पासमध्ये कंटेनरचं नाव थेट लिहिलं असेल तर एनजिनएक्स सुरू होताना ते एकदाच शोधतो आणि तोच पत्ता धरून बसतो. नवा कंटेनर नव्या पत्त्यावर, एनजिनएक्स जुन्या दारात. रिझॉल्व्हर १२७.०.०.११ द्या, तो डॉकरचा आतला डीएनएस आहे, व्हॅलिड १० सेकंद ठेवा, आणि नाव एका व्हेरिएबलमध्ये घालून तो व्हेरिएबल प्रॉक्सी-पासला द्या. व्हेरिएबल असला की तो चालू असतानाही पुन्हा शोधतो. एक बघा, व्हेरिएबल वापरला की लोकेशनचा भाग काढून पुढं पाठवायची जुनी सवय बदलते, पाथ तपासून घ्या.

उद्यमनगरी | रविवार, सकाळी ७:४०

पहाटे आखणी बदलली. सगळे प्रोजेक्ट आता १०.२०१ मध्ये आहेत, राऊट टेबलात १७२ ची एकच ओळ उरली, काट्याची /२४. डॉकर० सुद्धा नव्या पूलमध्ये आला. हुपरीचा डेमो परत उठवला, त्याच्या कंटेनरमधूनही राऊट गेट मारून बघितला, गेटवेकडं जातो.

एक्स्टर्नल प्रॉक्सी नेटवर्क काढताना "अ‍ॅक्टिव्ह एंडपॉइंट्स" म्हणून अडलं, ट्रेफिक आधी खाली घ्यावा लागला. कुणी करणार असेल तर हा क्रम लक्षात ठेवा.

ऑफिसात एक तक्ता लावलाय: गिऱ्हाइक, त्यांची रेंज, टनेलचं नाव, एमटीयू. गोकुळ शिरगावचं एक नवं काम येतंय, त्यांना टनेलच्या आधीच रेंज विचारली. १९२.१६८.१.० म्हणाले, आमच्या ऑफिसच्या लॅनचीही तीच आहे. तेव्हा पुढच्या आठवड्यात ऑफिसचा राउटर बदलून १०.२०२ वर नेतोय, टनेल त्यानंतर.

रात्रपाळी | रविवार, सकाळी ८:१५

उत्तम. ऑफिसचे प्रिंटर आणि हजेरीचं मशीन हातानं दिलेल्या पत्त्यांवर असतील, राउटर बदलायच्या आधी त्यांची यादी करून घ्या.